आवाजाचा पत्ता

“हं, ताई, आता ते हिरवं दाब. घाबरू नकोस, करंट नाही लागत,” प्लगकाका म्हणाले आणि समोर बसलेले डॉक्टर हसले.

ताई घाबरणाऱ्यांतली नव्हतीच. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर हॉस्पिटलने दिलेला टॅब्लेट आणि चेहऱ्यावर ‘तू मला शिकवू नकोस’ हा जन्मजात भाव. महिन्यापूर्वी ह्याच हॉस्पिटलात तिचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. त्याआधी काही दुपारी बसून तिने स्वतःच्या आवाजात दोनेकशे वाक्यं बोलून ठेवली होती. बटण दाबलं की टॅब्लेट तिच्या आवाजात ते वाक्य बोलणार, अशी ती सोय. आज ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा चारचौघांत बोलणार होती. दारावरची बेल दाबावी तसं तिने जोर लावून बटण दाबलं.

“हॅलो, हॅलो. चाचणी. एक, दोन, तीन. येतोय का आवाज? हां, येतोय वाटतं.”

आवाज प्लगकाकांचा होता.

हॉस्पिटलचे अधीक्षक खो खो हसायला लागले. “काय काका, सख्ख्या बहिणीची फिरकी घेता?” ताईसुद्धा हसली. हसताना आता तिचे नुसते खांदे हलायचे. तिने कोपराने भावाला ढोसलं आणि दुसरं बटण दाबलं. हॅलो, हॅलो, चाचणी. तिसरं दाबलं. एक, दोन, तीन. येतोय का आवाज?

आता हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरलं. ताईने भावाकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. ‘पुरे की रे’ असा त्याचा अर्थ होता.

प्लगकाका मात्र पहिल्या ‘हॅलो’लाच समजून चुकले होते. ते खुर्चीची पाठ धरून उभे होते. तो आवाज कुठे असायला हवा आणि कुठे असता कामा नये, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

“वायरिंगमध्ये काहीतरी...” ते म्हणाले. टॅब्लेटला वायर नव्हती, हेही त्यांना सुचलं नाही. “बघतो मी. आलोच.”

प्लगकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घशाच्या त्या हॉस्पिटलात ते कॉम्प्युटरचे एकुलते एक माणूस. कोणाचंही काहीही बंद पडो, काका फोनवर आधी एकच सांगायचे, “प्लग काढा, दहा आकडे मोजा, परत लावा.” दहापैकी नऊ वेळा चालायचं. नर्सनी नाव ठेवलं, डॉक्टरांनी उचललं आणि पगाराच्या पाकिटावरचं नाव काकांचं स्वतःचंच असूनही त्यांना परकं वाटायला लागलं. माणूस साधा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. डबा वेळेवर उघडायचा आणि वेळेवर बंद करायचा.

तर ह्या साध्या माणसाने उतारवयात एक हौस केली. हॉस्पिटलात पेशंटना बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे स्पीचमॅडम म्हणत. ऑपरेशनआधी पेशंटचा आवाज जपून ठेवता आला तर, असं त्या एकदा सहज बोलून गेल्या आणि काकांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी थांबून थांबून त्यांनी एक ॲप्लिकेशन उभं केलं. मॅडमच्या खोलीत माइकसमोर बोलायचं, ते काकांच्या टेबलाखालच्या मशीनमध्ये साठायचं. पुढे ताईलाच घशाचा आजार निघाला आणि ज्या खुर्चीत काकांनी परके पेशंट बसलेले पाहिले होते, त्या खुर्चीत त्यांची ताई बसली.

ताई सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर देखरेखीला होती. जन्मभर काठावर उभी राहून “पळू नका रे! घसराल!” म्हणून ओरडली. तिच्या आवाजाने पाण्यातली पोरं सुतासारखी सरळ व्हायची. आई लवकर गेल्यामुळे काकांना वाढवलं तिनेच, तेही त्याच आवाजात. गोड गळा, मंजुळ स्वर असलं काही तिच्याकडे नव्हतं. कोणी गाणं म्हणायला सांगितलं तर ती म्हणायची, “मी गायले तर लोक पाण्याबाहेर येतील.”

टेबलाखालच्या मशीनची एक अडचण होती. पेशंट घरी गेला की त्याच्या टॅब्लेटला ते मशीन सापडायचं नाही. म्हणून सगळे आवाज क्लाउडवर न्यायचे ठरलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या, कायम जागं असलेल्या कोठारात. ॲप्लिकेशन हॉस्पिटलचं, कोठार त्यांचं, आणि दोहोंना जोडायला एका फाइलमध्ये एक ओळ. त्या ओळीत कोठाराचा पत्ता, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. ताईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने आपल्या छोट्या पांढऱ्या पाटीवर लिहिलं होतं : ‘माझा आवाज आधी ढगात गेला. मी मागून येते.’ आणि वर स्वतःच खांदे हलवून हसली होती.

आवाज कोठारात जाऊन पोचले होते, पण ॲप्लिकेशनशी जोडणारी ती एक ओळ जुळता जुळत नव्हती. कधी पासवर्ड चुकायचा, कधी कोठाराचा पहारेकरी अनोळखी म्हणून दारातूनच हाकलायचा. काका सरावासाठी एक वेगळं, खोटं कोठार वापरायचे. त्यात खोटे पेशंट आणि प्रत्येकाच्या नावावर काकांचाच आवाज. हॅलो, हॅलो, चाचणी. कामात काही बदल केला की ते एक हुकूम सोडायचे : सगळं पूस आणि खोटे पेशंट नव्याने भर. घरातून निघताना कुलूप ओढून बघावं, इतक्या सवयीने.

काल दुपारी त्यांनी त्या ओळीत खऱ्या कोठाराचा पत्ता घातला आणि जोडणी झाली! स्क्रीनवर खऱ्या पेशंटांच्या नावांत ताईचं नाव दिसलं. काकांना इतका आनंद झाला, की औषधाच्या दुकानातून प्रिंटर बंद पडल्याचा फोन आला तेव्हा ते शीळ घालत गेले. प्लग काढला, दहा आकडे मोजले, लावला. परत येऊन खुर्चीत बसले आणि निघण्याआधी, सवयीप्रमाणे, तो हुकूम सोडला.

ओळीतला पत्ता बदलायचा राहिला होता.

आता ते त्याच खुर्चीत बसून ती ओळ वाचत होते. दोन पत्त्यांत एका शब्दाचा फरक. काकांनी ती ओळ पुन्हा वाचली, चष्मा पुसून वाचली, बोट ठेवून वाचली. ताईच्या नावाच्या जागी खोटा पेशंट बसला होता. खोट्या पेशंटांचेही नंबर एकपासूनच, त्यामुळे त्याचा नंबर ताईचाच, म्हणून तिच्या टॅब्लेटने इमानाने त्याचाच आवाज ऐकवला.

स्पीचमॅडम दारात आल्या. “काका, काय झालं? तुमचा चेहरा असा का?”

“गेलं,” काका म्हणाले.

“काय गेलं?”

“सगळ्यांचे आवाज. मी पुसले. मीच.”

मॅडम आधी हसल्या. असं काही ऐकलं की माणूस पहिल्यांदा हसतोच. मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं आणि मागे हात नेऊन दार लावून घेतलं. “जुनं मशीन?”

“ते मीच कोरं केलं. तुमच्या सहीनेच. पेशंटची माहिती बाहेर जायला नको ना, म्हणून पुसून दिलं भंगारात.” काका म्हणाले. “सगळं नीट पोचलंय, हे बघूनच पुसलं होतं हो.”

“आणि क्लाउडवाले? त्यांच्याकडे बॅकअप असेल की!”

काकांनी फोन लावला आणि मॅडमना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलत होता.

“काळजी नका करू सर. बॅकअप आहे तुमचा.”

मॅडमनी काकांचा खांदा घट्ट धरला. काकांना वाटलं, आपण आता रडणार.

“काल रात्रीचा आहे, सर.”

“त्याच्या आधीचा?”

“आधीचा नाहीये, सर. तुम्ही काल खरा वापर सुरू केलात ना, तिथून आपण रोज रात्री एक प्रत घेतो. कालची पहिलीच. अगदी वेळेवर झालीये.”

कालच्या रात्रीपर्यंत कोठारात काकांशिवाय कोणीच उरलं नव्हतं. त्या अदबशीर मुलाच्या कंपनीने रात्री जागून काकांचं ‘हॅलो, हॅलो’ नीट जपून ठेवलं होतं. “आणखी काही मदत करू शकतो का, सर?” त्याने विचारलं. काकांनी “नाही” म्हटलं आणि वर त्याचे आभार मानले.

मॅडमनी काकांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, “त्या दुपारी मी होते ना काका तिथे. ताई दर दोन वाक्यांनी खोकत होत्या. पाणी प्यायच्या आणि मला म्हणायच्या, ‘पुन्हा घ्या हो, हे पुरेसं चिडल्यासारखं नाही आलं.’” एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं त्यांचे आवाज पुन्हा घेता येणार होते. ज्यांचं झालं होतं असे ताई धरून तिघं. बाकीच्या दोघांना काकांनी तिथूनच फोन केले. त्यांतल्या एका निवृत्त बसड्रायव्हरची बायको सगळं ऐकून घेऊन नुसतं “बरं” म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

अधीक्षकांनी केबिनमध्ये बोलावलं. ते माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांना हॉस्पिटलची काळजी फार. “हे बघा काका, आता घरच्यांना काय सांगायचं ते एकच ठरवू. क्लाउडवाल्यांकडे बिघाड झाला. संपलं. कोण तपासायला जातंय?”

काकांना तो मोह झाला, उगीच खोटं कशाला बोला. किती सोपं होतं ते! दूरच्या कंपनीत काहीतरी बिघडलं, भाऊ बिचारा काय करणार. ताईने त्यांची समजूतच घातली असती. हा विचार घेऊन ते बाहेर आले, तर कॉरिडॉरमध्ये बाकावर ताई बसलेली. टॅब्लेट मांडीवर, पाटी हातात. घरी जायला तिला कोणीतरी सांगितलं होतं, पण ती कसली ऐकतेय. तिने पाटी वर केली.

‘झालं का रे छोट्या? भूक लागली.’

पन्नाशी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

“वेळ लागेल, ताई. तू घरी जा. संध्याकाळी येतो मी.”

तिने मान डोलावली आणि त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर नीट केली. टॅब्लेट पिशवीत घालून ती निघाली. भावाने हात लावलेली वस्तू दुरुस्त झाली नाही, असं तिने आजवर पाहिलेलं नव्हतं. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत काका बघत राहिले आणि अधीक्षकांचं ते सोपं वाक्य त्यांच्या तोंडात कडू झालं.

संध्याकाळी त्यांनी घरात पाऊल टाकलं तेव्हा ताईचा मुलगा जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता, सून ताटं घेत होती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत. टॅब्लेट चार्जिंगला लावलेला.

“या मामा. झालं ना काम?” भाचा म्हणाला. “आई दुपारपासून त्या टॅब्लेटभोवतीच फिरतेय. बायकोला म्हटलं, आजची शेवटची शांतता. ऐकून घे.”

सून हसली. काका बसले नाहीत. “ताई,” ते म्हणाले, “तुझा आवाज माझ्या हातून पुसला गेला. क्लाउडची चूक नाही, कोणाची नाही. मी चुकीच्या जागी हुकूम दिला. सगळं शोधलं, सगळ्यांना विचारलं. परत येणार नाही तो.”

सुनेच्या हातातलं ताट टेबलावर आपटलं.

“म्हणजे? बॅकअप असतो ना मामा?” भाचा उठून उभा राहिला. “असतोच! शाळेतल्या पोरांनासुद्धा कळतं हे!”

“नाही रे.”

“असं कसं नाही? एक मिनिट. थांबा.” त्याने फोन काढला आणि जुने व्हिडिओ भराभर उघडायला लागला. त्याच्या लग्नाचा लागला. ताई त्यात होती, पण वर बँड वाजत होता आणि तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. दुसऱ्यात ती कॅमेऱ्यामागे होती. “हलू नका,” एवढं ऐकू आलं आणि पुढे नातेवाइकांचा कल्ला. “हलू नका” त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग सुनेने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

ताई अजून काही समजलं नसल्यासारखी बसली होती. मग ती उठली, चार्जरची वायर काढली आणि टॅब्लेटवरचं बटण दाबलं. हॅलो, हॅलो, चाचणी. तिने खालचं दाबलं. खाली लिहिलं होतं, ‘पाय पुसून आत ये.’ आवाज आला, एक, दोन, तीन. ‘एवढंसंच का वाढलंस?’ येतोय का आवाज? ‘मी काही मेले नाही अजून.’ हां, येतोय वाटतं. ती एकेक करत खाली जात राहिली. प्रत्येक वाक्याशी थांबून ती ऐकत होती, जणू एखादं तरी चुकून मागे राहिलं असेल.

“बंद कर ताई,” काका म्हणाले. “पाया पडतो तुझ्या, बंद कर.”

तिने टॅब्लेट खुर्चीवर टाकला आणि भावासमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं आणि ती ओरडायला लागली.

आवाज कुठला यायला! गळ्याच्या पट्टीमागे हवेची शिट्टी वाजत होती, तेवढीच. पण ती ओरडत होती, अगदी तलावाच्या काठावर ओरडायची तशी, मानेच्या शिरा ताणून, बोट नाचवत, श्वास संपला की थांबून, परत. मूर्खा, हे काकांना ओठांवरून कळलं. धांदरट कळलं. मग पुढचं कळेना. लहानपणापासून ह्या बाईच्या शिव्या खात ते मोठे झाले होते. तिची प्रत्येक शिवी त्यांना पाठ होती आणि आज, आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या चुकीला, ती काय बोलते आहे ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. मान खाली घालायची त्यांना चोरी झाली. खाली पाहिलं तर तिचे ओठ दिसले नसते. म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. “हो ताई,” ते म्हणत होते. “हो. खरंय.” काय खरं आहे ते त्यांना समजलेलं नव्हतं.

ती दमली. छातीवर हात ठेवून उभी राहिली, मग आतल्या खोलीत गेली. दार लागलं.

“मामा, तुम्ही निघा आता,” भाचा म्हणाला. तो रागाने बोलला नाही. त्याच्या अंगात राग उरलाच नव्हता. सुनेने काकांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला आणि चपला शोधायला लागले.

बसथांब्यावर ते उभे राहिले नाहीत. चालत निघाले. दुकानं बंद होत होती. एका बंद शटरसमोर ते कितीतरी वेळ थांबले आणि आपण का थांबलो ते न आठवून पुढे निघाले. उद्यापासून ताईच्या घरात काय काय होणार नाही, ह्याची त्यांना एकामागून एक आठवण येत होती. ती सुनेला स्वयंपाकघरातून हाक मारणार नाही. पुढे कधी नातवंड झालं तर ते आजीला ओठ हलवणारी बाई म्हणूनच ओळखेल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ताई घाबरली होती आणि आपणच तिला म्हणालो होतो, “आवाजाचं तू माझ्यावर सोड.” तिने सोडलं होतं. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तरी सोडलंच असतं.

इमारतीपाशी आल्यावर त्यांचे पाय जिन्यावर चढेनात. वर बायको दारातच उभी असणार, आणि तिलाही सांगायचं होतं. ते खालच्या पायरीवर बसले.

खिशात फोन वाजला. त्यांनी काढून पाहिलं. स्क्रीनवर ‘ताई’ अशी अक्षरं होती. काका लग्न होऊन वेगळे राहायला गेले त्याला किती वर्षं झाली, पण तिच्या घरून निघालं की ते पोचण्याच्या सुमारास तिचा फोन यायचा. पोचलास का, एवढंच विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकून न घेता ठेवून द्यायची. ऑपरेशन झाल्यापासून तो फोन आला नव्हता. ती कशाला करेल, आणि करून बोलेल काय?

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे श्वास होता. पट्टीमागून येणारा, शिट्टीसारखा, थोडा खरखरीत. मागे कुठेतरी सून भांडी आवरत होती. श्वास चालू राहिला. ती थांबली होती.

“पोचलो,” काका म्हणाले. घसा साफ करून त्यांनी पुन्हा, तिला नीट ऐकू जाईल असं सांगितलं, “पोचलो, ताई.”

पलीकडून तिने फोन ठेवला.